दीड फूट

खिट्टी सगळ्यात खालच्या भोकात जाईना. खांबाची वरची भोकं वापरून वापरून गुळगुळीत झालेली, त्यांत ती नुसती टेकवली तरी सरकायची. आणि हे खालचं, जमिनीपासून दीड फुटावरचं, गंजानं आतून फुगलेलं — त्यात ती अंगठ्याएवढी लोखंडी खिट्टी अर्धी शिरून बसली होती, ना आत ना बाहेर. मृणालनं दगड उचलून दोन घाव घातले. तिसरा बोटावर बसला. वा, हेच राहिलं होतं आज. बोट तोंडात धरलं तर गंजाची चव लागली, आणि तिच्या लक्षात आलं की इथं शिकवायला लागल्याला बावीस वर्षं झाली, पण या भोकात आजवर आपण स्वतः खिट्टी कधी घातलीच नाही, पोरांसाठी ती तबेल्यातला धोंडीबाच बसवायचा. कशाला घालायची? दीड फूट ही काय उडी आहे? दीड फुटावरून माणूस फोनवर बोलता बोलता पलीकडे जातो.

आणि शाहीर जात नव्हता. तो तिकडे कडुनिंबाखाली धोंडीबाच्या हातात उभा होता, एक मागचा पाय सैल सोडून, सकाळपासून जे चाललंय त्याच्याशी आपला काही संबंधच नाही अशा थाटात. एकोणीस वर्षांचा तांबडा घोडा. ह्याच घोड्यानं तिला चार फुटांच्या दांड्यांवरून नेलं होतं, एकदा-दोनदा नाही, सलग सहा हंगाम. राज्यस्पर्धेच्या शेवटच्या फेरीत तर भिंतीची उडी होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं, तिनं डोळे मिटून घेतले होते आणि उघडले तेव्हा ती पलीकडे होती. मोठ्या उडीला तो माझा नव्हताच कधी, मीच त्याची असायचे. आणि आता हा लाल-पांढरा रंगवलेला बांबू, पोरांच्या शिकवणीतला, तिच्या गुडघ्यापर्यंतही न येणारा — ह्याच्यापुढे येऊन तो खांबासारखा उभा राहायचा, नाहीतर सरळ त्यातून चालत जायचा, बांबू खडखडत लांब जाऊन पडायचा आणि ह्याचे पुढचे पाय एकमेकांत अडखळायचे. मघाशी एकदा तर त्यानं दीड फुटासाठी पाच फुटांची झेप घेतली आणि तिचे दात एकमेकांवर आपटले. सात वेळा नेला. सातातली एक धड नाही.

"ताई, जरा दम खाऊ द्या त्याला," धोंडीबा म्हणाला. साठीचा माणूस, जावळीकडचा, मैदानाच्या जुन्या मालकांच्या, अण्णांच्या वेळेपासून तबेल्यात. तो घोड्यांविषयी बोलतोय की तिच्याविषयी हे कधीच नक्की कळायचं नाही.

"दम खायला वेळ कुठंय धोंडीबा? संध्याकाळी अपूर्व येतोय."

खिट्टी शेवटी बसली. तिनं बांबू टेकवला, रिकिबीत पाय घातला, वर बसली, आणि बसल्याबरोबर तिच्या हातांनी आपोआप जे करायचं ते केलं — लगाम आखडून घेतला, शाहीरची मान वर उचलली गेली, कमानीसारखी, देखणी. या मैदानावरचा पहिला धडाच तो. अण्णांची उमर परेडच्या घोड्यांत गेलेली, मान खाली घातलेला घोडा त्यांना बघवायचा नाही. असला घोडा टांग्याला जुंपा, म्हणायचे. तबेल्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतः ऑइलपेंटनं लिहिलं होतं — मान वर. पोरगं खोगिरावर नीट बसायला शिकायच्या आधी घोड्याची मान उचलून धरायला शिकायचं. मीसुद्धा तशीच शिकले, वयाच्या पंधराव्या वर्षी, नौपाड्यातल्या घरून बस बदलत यायचे, खांदे भरून यायचे, अण्णा लांबून ओरडायचे, आणि ओरडणं मला आवडायचं.

दुडक्या चालीनं ती बांबूकडे निघाली. दहा पावलं, आठ, सहा… सांभाळ, सांभाळ, ती स्वतःशी म्हणत होती की त्याला, शेवटच्या दोन पावलांना तिनं त्याला हातांत अक्षरशः उचलून धरलं, तो पडू नये म्हणून, त्याला मदत म्हणून — आणि खडखड. बांबू गेला. पुढचा डावा पाय मुडपला, सावरला. तिच्या तोंडून एक शिवी गेली, आईनं ऐकली असती तर जेवायला वाढलं नसतं.

आठ.

खरं म्हणजे रागाचं मूळ मंगळवारात होतं. मंगळवारी संध्याकाळच्या वर्गात दिशा पडली. आठ वर्षांची पोर, पलीकडच्या नव्या टॉवरमधली, दोन महिन्यांपासून येणारी. मृणाल पहिल्यांदाच तिला शाहीरवर बसवून दीड फुटावरून नेत होती. शाहीर ठेचकाळला, पोर मानेवरून वाळूत. काही मोडलं नाही, कोपर सोललं, ओठ फुटला, पण रक्त बघून तिची आई अशी धावत आली की बाकीचे पालक उठून उभे राहिले. आणि कुणी काही विचारायच्या आत — हे मृणालला आता वारंवार आठवत होतं, तो क्षण, कुणी विचारलंच नव्हतं — तीच बोलून गेली होती: "घोडा उतरलाय आता. वय झालं त्याचं." नेमका त्या दिवशी आलेल्या अपूर्वनं मान हलवली. दिशाच्या आईनं मान हलवली. सगळ्यांना बरं वाटलं.

बाई गं, काय बोललीस.

कारण अपूर्व ऐकून घेणाऱ्यांतला आहे. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यापासून मैदान त्याच्याकडे. आठ वर्षांचा असताना ह्याला मीच पहिल्यांदा घोड्यावर बसवला, आता ठाण्यात ऑफिस, गुरुवारी आणि रविवारी इकडे फेरी. वाईट नाही पोरगा. पण आता इथं स्पर्धा खेळणारं कुणी येत नाही, टॉवरमधली मुलं येतात, वाढदिवस होतात, आणि जो घोडा लहान मुलाला दीड फुटावरून नेऊ शकत नाही त्याला उभं करून ठेवायला जागा नाही, हे त्यानं अगदी शांतपणे सांगितलं. सकाळी नऊला त्याचा फोन आला होता. "ताई, कल्याणचे एक जण आहेत, वरातीसाठी घोडे ठेवतात. माणूस चांगला आहे. पाच वाजता बघायला येतायत. तुम्ही आधी बघा हवं तर, दोन-चार स्वच्छ उड्या मारल्या तर विचार करू. नाहीतर प्रॅक्टिकल व्हायला लागेल ना."

प्रॅक्टिकल. तिला दिसत होतं सगळं — आरशांची झूल, कपाळावर तुरा, दोन बाजूंना दोन डीजे, पाठीवर घामाघूम नवरदेव आणि पायांत फुटणारी माळ. आणि शाहीर, जो ट्रकच्या हॉर्नलासुद्धा कान पाडतो. आणि हे मी केलं. एका वाक्यानं केलं.

अकरा वाजता तिनं नाद सोडला. स्कूटरवरून डोंबिवलीला घरी येताना मेट्रोच्या खांबांची धूळ, वळणाचे बोर्ड, एमआयडीसीकडून येणारा तो आंबूस वास. ती वाटेत दोघांवर ओरडली, त्यातला एक बरोबर होता.

इमारतीच्या खाली आई भेटली. सुहासिनीबाई, अठ्ठ्याहत्तर, एकतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, हातात कोथिंबिरीची पिशवी. लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत, बुटक्या, कुणाच्या लक्षातही येणार नाहीत अशा, तिथं उभ्या. मृणालनं स्कूटर तशीच लावली, धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि वर उचलला.

"सोड," आई म्हणाली.

"अगं पण—"

"सोड म्हणते ना. तू अशी बखोटीला धरून उचलतेस, माझं तोंड होतं वर, मला पायरीच दिसत नाही. एकटी मी बरी चढते."

"आणि पडलीस म्हणजे?"

"दिवाळीत पडले तेव्हा तूच धरलं होतंस."

आई खाली बघत, एक हात भिंतीला, तीन पायऱ्या चढली आणि लिफ्टचं बटण दाबलं. मृणाल पिशवी घेऊन मागून गेली. जेवायला बसली. केलं तरी वाईट, नाही केलं तरी वाईट — घोडा घ्या, आई घ्या, सगळ्यांना माझे हात टोचतात. आईनं आमटी वाढली आणि विचारलं, "घोड्याचं काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली. "मग माझ्यावर का चिडतेस?" तिनं भात कालवला.

दुपारी आई आडवी झाली तेव्हा तिनं फोन काढला. दिशाच्या आईनं त्या दिवशी चित्रण केलं होतं, सगळ्याच आया करतात, अकरा सेकंदांचं. अपूर्वनं ते तिला पाठवलं होतं, वर एकच शब्द: बघा. तिनं ते दहा-बारा वेळा बघितलं होतं, पण आवाज बंद करून, कारण पोरीची किंकाळी तिला ऐकवत नव्हती. आता तिला वेगळं सुचलं. पाय दुखत असेल तर टापांत कळतं. चार टापांत एक हलकी पडते, डोळ्याला दिसत नाही पण कानाला फसवता येत नाही. पुढच्या डाव्यात काही असेल तर निदान डॉक्टरला तरी दाखवता येईल, निदान अपूर्वला सांगता येईल की घोडा उतरलेला नाही, दुखावलेला आहे. तिनं आवाज पूर्ण केला, फोन कानाला लावला, डोळे मिटले.

टापा एकसारख्या होत्या. एकही हलकी नाही. आणि टापांवर, त्यांना झाकून टाकत, एका बाईचा आवाज — कर्कश, घशातून आलेला: "लगाम धर, दिशा! आखड! मान वर ठेव त्याची! वर! वर!" मग बांबूची खडखड. मग किंकाळी.

तिनं परत लावलं. डोळे उघडून. पोरीचे दोन्ही कोपर छातीशी, इतके आखडलेले की हात कापतायत. सांगितलं ते करणारी पोर. शाहीरचं तोंड आभाळाकडे. बांबू जवळ येतो आणि तो आभाळ बघतोय. चार फुटांचा दांडा असता तर दिसला असता त्याला, छातीसमोर असता. दीड फुटावरचा बांबू त्याच्या नाकाखाली कुठेतरी नाहीसा होतो, शेवटच्या दोन पावलांना, नेमक्या त्या दोन पावलांना जेव्हा आपण त्याला… जेव्हा मी त्याला उचलून धरते. मग कधी तो थांबतो, कारण इथं काहीतरी होतं आणि आता नाही. कधी अंदाजानं चालत जातो. आणि कधी घाबरून पाच फुटांवर झेप घेतो. शहाणा घोडा. बिचारा शहाणा घोडा. मी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून विचारत होते, दिसत नाही का रे तुला?

ती उठून गॅलरीत गेली, परत आली. झोपलेल्या आईकडे एकदा बघितलं.

चारला मैदानावर. धोंडीबानं खोगीर चढवून ठेवलंच होतं. हे सोपं आहे, ती स्वतःला बजावत होती, लगाम सैल सोडायचा, एवढंच, नवशिक्या पोरांच्या हातात तो आपणहून सैल सुटतो म्हणून तर आपण ओरडतो. दहा पावलं, आठ, सहा… आणि शेवटच्या दोन पावलांना तिची बोटं मिटली. तिनं मिटली नव्हती, ती मिटली. खडखड. पुन्हा. पुन्हा तेच, मनगटापासून पुढं ते हात अण्णांचेच होते म्हणा ना. तिला स्वतःच्या हातांची इतकी चीड आली की तिनं लगामाला गाठ मारली, ती त्याच्या मानेवर टाकून दिली आणि दोन्ही मुठींत आयाळ धरली. घे. पड. दोघंही पडू.

शाहीरनं आधी कान मागे केले, हे काय म्हणून. मग मान लांब केली. खाली घातली — टांग्याच्या घोड्यासारखी, अगदी — आणि नाकपुड्या फेंदारून बांबूकडे नीट बघितलं. आणि तो उंबरा ओलांडावा तसा पलीकडे गेला. ना झेप, ना हिसका. तिला खोगिरात सावरून बसायलासुद्धा लागलं नाही.

एवढंच होतं?

आनंद व्हायला हवा होता. तिला ओरडावंसं वाटत होतं. एवढंच होतं तर बावीस वर्षं मी काय शिकवत होते? किती पोरं इथं घोड्याची मान उचलून धरायला शिकली, किती घोडे खालच्या दांड्याला बिचकतात म्हणून आपण काढून टाकले — ती काळी घोडी, जिला अण्णांनी माथेफिरू ठरवून चार दिवसांत हलवली, मी मान डोलावली होती. तिनं त्याला परत नेलं. गेला. डावीकडून नेलं, गेला. पाच वेळा, एकाही वेळी बांबू हलला नाही, आणि प्रत्येक वेळी तिचा राग वाढत गेला, आणि त्या रागाला आता बसायला जागाच राहिली नव्हती. घोड्यावर नाही, अपूर्ववर नाही, टॉवरमधल्या आयांवर नाही.

"दिसलं त्याला," धोंडीबा म्हणाला.

तिनं शाहीरला थांबवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय म्हाईत ताई. पर तबेल्यातनं काढताना मी मोकळाच सोडतो. दाराला उंबरा हाय की फूटभर. कंदी ठेचाळला न्हाई."

"मग बोलला का नाहीत एवढ्या वर्षांत?"

धोंडीबानं भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अण्णांनी लिवलंय न्हवं."

पाचला अपूर्वची गाडी आली. बरोबर कल्याणचे ते गृहस्थ, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. त्यांनी शाहीरच्या मानेवरून इतक्या हलक्या हातानं हात फिरवला की मृणालला त्यांचा रागसुद्धा करता येईना. "स्वभावानं गरीब दिसतो," ते म्हणाले. "एक मिनिट," ती म्हणाली, आणि शाहीरला बांबूकडे वळवलं. लगाम मानेवर. तीनदा पलीकडे, तीनदा अलीकडे. गृहस्थ हसले, अपूर्वच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, हा काही तुम्ही सोडणार नाही, उगाच आमचा फेरा. अपूर्व टाळ्या वाजवत पुढं आला, लहानपणी वाजवायचा तसा.

"काय जादू केली ताई? मंगळवारी तर तुम्हीच म्हणालात उतरलाय म्हणून. दोन दिवसांत सुधरवला?"

सांगायचं होतं ते छोटं होतं. घोडा नव्हता रे चुकला, मी चुकीचं ओरडले, पोर माझ्यामुळे पडली. मी ह्याच्या बापाच्या अंत्ययात्रेत शंभर माणसांपुढं उभी राहून बोलले आहे, पंचांशी भांडून निकाल फिरवला आहे, आईच्या ऑपरेशनच्या वेळी एकटीनं सही केली आहे. वाक्य जिभेपर्यंत आलं. अपूर्व वाट बघत होता, चेहरा इतका खूश, आणि धोंडीबा खाली वाकून रिकीब पुसत होता, जी पुसायची काही गरज नव्हती.

"घेतली जरा मेहनत त्याच्यावर," ती म्हणाली.

"मानलं तुम्हाला." अपूर्वनं फोन काढलाच होता. "दिशाच्या आईला कळवतो. ती पोरगी दोन दिवस रडतेय म्हणे, घोडा हवाच म्हणून. शनिवारी पाठवा सांगतो. शाहीरवरच बसवू, नाही का? तिची भीती जाईल."

"बसवू," ती म्हणाली.

तो बोलत बोलत गाडीकडे गेला. ताईंनी घोडा सुधरवलाय, अगदी गरीब झालाय, हो, हो, ताई स्वतः असतील… शाहीर राहिला. हे तर हवं होतं तिला सकाळपासून, दुसरं काही नको होतं. तो तिच्याखाली शांत उभा होता, मान खाली सोडून, वाळूतलं काहीतरी हुंगत. कल्याणच्या गृहस्थांनी जाता जाता हात जोडले, तिनंही जोडले.

शनिवारी ती पोर येईल. ओठावर खपली असेल. तिला वर बसवायचं, आणि ती कोपर छातीशी घेऊन लगाम आखडून धरेल, कारण तिला तसंच सांगितलेलं आहे. मग आपण तिला सांगायचं, सोड. सैल सोड. त्याला खाली बघू दे. आणि ती वळून विचारेल, त्या दिवशी तर तुम्ही धर म्हणालात. आठ वर्षांची मुलं हे विचारतातच. मृणालनं उत्तर जुळवायला घेतलं — त्या दिवशी वेगळं होतं गं… तेव्हा तो नवीन होता तुला… — आणि प्रत्येक उत्तराला तिला त्या पोरीचे डोळे दिसत होते, विश्वास ठेवायला तयार असलेले. धोंडीबानं विचारलं, उतरता का ताई, खोगीर काढतो. ती उतरली नाही. शनिवारला अजून दोन दिवस होते.